कारखान्याची रायफल की मापाची? ठाण्यातल्या नवख्या नेमबाजांसाठी

वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये माझी २६ वर्षं गेली. त्यामुळे लेक एअर रायफल शिकायला लागली आणि एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, सर म्हणतात आता स्वतःची रायफल लागेल," तेव्हा माझ्या मनात घेण्याचा विचार आलाच नाही, थेट करण्याचा आला. नळी कुठून तरी मिळवू, बाकी लेथ आहे, मिलिंग आहे, हात आहेत. पुढची दीड वर्षं हा माज उतरवण्यात गेली. तुमचं मूल, किंवा तुम्ही स्वतः, याच वळणावर उभे असाल तर तेवढा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून हे लिहितोय.

आधी एक विषय उरकून टाकतो. हलकी रायफल असं शोधायला गेलं की समोर येतात ते शिकारीच्या रायफलींचे व्हिडिओ. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय कोणतंही शस्त्र घेऊन शिरणं हासुद्धा गुन्हा आहे. येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातच येतो, पनवेलच्या पुढं कर्नाळा अभयारण्य आहे. रविवारी एअर रायफल घेऊन तिकडं 'जरा सराव' करायला जाणारे महाभाग मी पाहिलेत. तुम्ही जाऊ नका. सराव रेंजवर होतो, फक्त रेंजवर.

पण त्या व्हिडिओंमधून एक गोष्ट शिकता येते. अमेरिकेत किंवा न्यूझीलंडमध्ये कायद्यानं शिकार करणारा माणूस दिवसभर डोंगर चढतो आणि दिवसाकाठी गोळ्या झाडतो एक किंवा दोन. त्याला खांद्यावरचा प्रत्येक छटाक जाणवतो. म्हणून १९८० च्या दशकात पश्चिम व्हर्जिनियातल्या मेल्विन फोर्ब्स यांनी केव्हलार या हलक्या, मजबूत धाग्याचे दस्ते (नळी आणि ट्रिगर ज्यात बसतात तो रायफलचा सांगाडा) बनवून रायफल हलकी केली आणि लोकांनी कारखाना सोडून त्यांच्यासारख्यांकडं धाव घेतली. पुढं कारखान्यांनी तेच शिकून घेतलं. किंबर कंपनीची माउंटन असेंट ही कारखान्यातून तयार येणारी रायफल दुर्बिणीशिवाय सव्वादोन किलोच्या आसपास भरते. म्हणजे काल जे कारागिराकडून करून घ्यावं लागे ते आज खोक्यात मिळतं. आपल्या १० मीटर एअर रायफलमध्येही हेच झालंय, फक्त इथं प्रश्न वजनाचा कमी आणि मापाचा जास्त आहे.

पहिली पायरी : सहा महिने काहीही विकत घेऊ नका

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं २०२२ मध्ये कैरोत १० मीटर एअर रायफलचं विश्वविजेतेपद मिळवलं तेव्हापासून आपल्याकडं चौकशा वाढल्या. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं, त्यानंतर तर विचारू नका. आईबाप मुलाला घेऊन येतात आणि पहिल्या दिवशी विचारतात, कुठली रायफल घेऊ? उत्तर एकच : कुठलीही नको. क्लबची वापरा.

नवी मुंबईच्या बाजूला राहत असाल तर न्यू पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. बाई २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत खेळलेल्या. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरनं पनवेल गाठता येतं, पण शाळा, क्लास आणि हा प्रवास हे गणित रोज जमेल का ते आधी बघा. घराजवळची साधी रेंज आठवड्यातून चार दिवस मिळत असेल तर ती लांबच्या नावाजलेल्या रेंजपेक्षा सुरुवातीला कामाची. कुठंही नाव घालण्याआधी एक संध्याकाळ मागं खुर्चीवर बसून राहा. मुलांनी रायफल खाली ठेवल्यावर बोल्ट, म्हणजे गोळी भरायच्या जागेची खिट्टी, उघडा दिसतोय का, कुणी पुढं गेलं असताना कुणी रायफलला हात लावतोय का, सर किती वेळा मुलाच्या शेजारी जाऊन उभे राहतात, एवढं पाहिलंत तरी पुरे. टार्गेटं इलेक्ट्रॉनिक आहेत की कागदाची याचा नंतर विचार करा.

या सहा महिन्यांत मूल उजव्या डोळ्याचं की डाव्या डोळ्याचं हेही कळतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या वस्तूवर अंगठा धरायचा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं अंगठा जागेवरच दिसतो तो डोळा राजा. हात उजवा आणि राजा डोळा डावा अशी जोडी बऱ्याच जणांची असते. ते न बघता उजव्या हाताची रायफल घेतली की पुढं पट्टी लावा, झापड लावा, अशी कसरत सुरू होते.

दुसरी पायरी : नळीचा दोष किती, आपला किती, हे मोजा

हा भाग माझ्या धंद्याचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पेलेट, म्हणजे एअर रायफलची छोटी गोळी, ४.५ मिमीचा. पेलेटची कड ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे पेलेटचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून अडीच मिमीच्या आत असलं की दहा. पुढची प्रत्येक रिंग आणखी अडीच मिमीनं लांब : पाच मिमीपर्यंत नऊ, साडेसातपर्यंत आठ, दहापर्यंत सात. दशांशात मोजलं तर दर पाव मिमीला एक दशांश जातो. १०.९ हवे असतील तर केंद्र पाव मिमीच्या आत हवं.

आता रायफल बघा. चांगल्या मॅच रायफलच्या, म्हणजे स्पर्धेसाठीच्या रायफलच्या, खोक्यात कारखान्याचं टेस्ट कार्ड येतं. रायफल शिकंजात आवळून झाडलेले पाच-दहा पेलेट, आणि सगळ्यांचं मिळून एकच भोक, बाहेरून साधारण साडेपाच ते सहा मिमी. सहा धरा. त्यातून पेलेटचे साडेचार वजा केले तर उरतो दीड मिमी, म्हणजे मधल्या बिंदूपासून दोन्हीकडं पाऊण-पाऊण. साईट, म्हणजे नेम धरायची भोकं, नीट लावलेली असेल तर अशा रायफलचा सगळ्यात वाईट शॉट १०.७.

माझी लेक तेव्हा सात-आठच्या रिंगेत फिरत होती. म्हणजे केंद्रापासून पाच ते दहा मिमी. त्यातला पाऊण मिमी रायफलचा, बाकीचा सगळा तिचा. आणि मी निघालो होतो 'आणखी अचूक' नळीच्या शोधात! टूलरूममध्ये एखाद्या पोरानं व्हर्नियर नीट न धरता मायक्रॉनचं डायल मागितलं असतं तर मी त्याला हाकललं असतं.

हे गणित तुम्हीही करा. क्लबच्या रायफलनं दहा-दहा शॉट्सची दहा कार्डं मारा, तारीख घालून ठेवा. गट कुठं पडला हे महत्त्वाचं नाही, किती पसरला ते मोजा. पसारा वीस मिमीच्या वर असेल तोवर कोणतीच महागडी रायफल तुमचे गुण वाढवणार नाही. दर आठवड्याला तो कमी होत असेल तर क्लबच्या रायफलवरच राहा. दोन-तीन महिने तो एका जागी अडला, आणि सरांच्या मते अडचण उभं राहण्यात आहे, तर पुढची पायरी.

एक अपवाद. क्लबची रायफल स्प्रिंगची असेल तर पेलेट नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतला पिस्टन धक्का देतो. शिकायला ती वाईट नाही, उलट शॉट गेल्यावरही स्थिर राहायची सवय लावते. पण तिच्यावरचा पसारा दाबलेल्या हवेच्या रायफलशी ताडून पाहू नका.

तिसरी पायरी : माप रायफलचं नाही, अंगाचं घ्या

उभं राहून नेम धरताना रायफल हातांनी उचलायची नसते, हाडांवर ठेवायची असते. उजव्या हाताचा नेमबाज डाव्या बाजूनं टार्गेटकडं उभा राहतो, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं, मनगट सरळ, आणि रायफल त्या खांबावर बसते. डोकं ताठ. इथं सगळा घोळ होतो, कारण प्रत्येकाच्या कमरेपासून डोळ्यापर्यंतचं अंतर वेगळं. मान लांब असेल तर रायफल डोळ्याच्या खाली राहते आणि मूल मान वाकवून साईटकडं जातं. मान वाकली की दहा मिनिटांत डोळ्यापुढं धूसर होतं, अर्ध्या तासात मान आखडते.

घरी किंवा रेंजवर, रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासून, ही चाचणी करा. मुलाला पोझिशनमध्ये उभं करा, साईटमधून टार्गेट दिसू द्या. मग डोळे मिटायला सांगा. दोन श्वास. खांदे सैल. आता डोळे उघड. काळा गोल अजून साईटच्या मधोमध आहे का? डावी-उजवीकडं सरकला असेल तर पाय फिरवायचे, त्यात रायफलचा दोष नाही. पण वर-खाली सरकला असेल, आणि दर वेळी त्याच बाजूला सरकत असेल, तर दस्त्याचं माप चुकतंय. ही चाचणी रोज पाच वेळा, महिनाभर, वहीत लिहून. माझ्या वहीत ९० टक्के नोंदी 'खाली' अशा होत्या. पोरीची मान आजीवर गेलीय, लांब.

पुढच्या चार गोष्टी सरांना शेजारी उभं करून पाहा. बट, म्हणजे दस्त्याचं मागचं टोक, खांद्यात बसवल्यावर ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर येतं की बोट ताणावं लागतं. गाल चीकपीसवर, म्हणजे दस्त्यावरच्या गालाच्या टेकूवर, आपोआप टेकतो की शोधावा लागतो, आणि टेकल्यावर डोळा मागच्या साईटच्या भोकासमोर सरळ येतो का. ग्रिप, म्हणजे ट्रिगरच्या हाताची मूठ, धरल्यावर मनगटाला पीळ पडतो का. आणि पुढचा हात ज्या उंचीवर रायफल पेलतो ती उंची कोपर हाडावर टेकू देते की कोपर हवेत राहतं. या चारांतलं एखादंच बिघडलेलं असेल तर ते पाना घेऊन दहा मिनिटांत निघतं.

आणि इथंच कारखान्याच्या रायफलनं मला गप्प केलं. फाइनवेर्कबाउ, वाल्थर, अन्श्युट्झ, स्टायर यांच्या आजच्या मॅच रायफली बघा. चीकपीस वर-खाली होतो, आत-बाहेर होतो. बट लांब होतो, उंच होतो, तिरका होतो. ग्रिप फिरतो. ट्रिगरचं पातं पुढं-मागं सरकतं. पुढच्या दस्त्याखाली उंची वाढवायचा ठोकळा लागतो. मी कागदावर माझ्या मनातल्या 'मापाच्या' रायफलची यादी काढली होती, अकरा गोष्टी. त्यातल्या नऊ या रायफलींना स्क्रूवर आधीच होत्या. लाकडाचा अख्खा दस्ता अंगाबरहुकूम कोरायचे दिवस गेले, कारण कोरलेला दस्ता एकदाच बरोबर बसतो. तेरा वर्षांची पोर वर्षात पाच सेंटिमीटर वाढते. स्क्रू पुन्हा सैल करता येतो, शिसवी पुन्हा वाढवता येत नाही.

भारतीय बनावटीतही आता दाबलेल्या हवेच्या मॅच रायफली मिळतात, प्रिसिहोल या कंपनीचं नाव क्लबात ऐकाल. त्यांना परदेशी रायफलइतके स्क्रू असतील असं नाही, पण सुटे भाग आणि दुरुस्ती जवळ असणं ही नवख्यासाठी मोठी गोष्ट आहे.

चौथी पायरी : वजनाबद्दल, आणि माझी फजिती

तरीही मी दस्ता केला. कबूल करतो.

तेव्हा लेकीचं वजन ४१ किलो आणि क्लबची रायफल साडेचारच्या पुढची. स्पर्धेत ६० शॉट्स, ७५ मिनिटं, त्याआधी तयारीची १५. प्रत्येक शॉटला एकदा उचलली आणि मध्ये तीसेक वेळा 'जमलं नाही' म्हणून खाली घेतली, तर नव्वद वेळा साडेचार किलो. बापाचं काळीज. मी जुनी रायफल विकत घेतली, तिचा दस्ता काढला आणि मरीन प्लायवूड आणि ॲल्युमिनियमच्या चॅनेलचा नवा केला. आतून पोकळ. सगळं जोडल्यावर वजन भरलं ३ किलो ४०० ग्रॅम. दोन महिन्यांचे रविवार.

रेंजवर नेली. लेक खूश, हात दुखेनात. आणि पसारा दीडपट झाला.

सरांनी काही बोलायच्या आधी मला साईटमधून बघायला लावलं. ठोका दिसत होता. पोरीच्या नाडीचा ठोका, पुढच्या साईटच्या रिंगेत, टक-टक. जड वस्तू हलवायला जोर लागतो, हलकी वस्तू श्वासानंही हलते. हे मी आयुष्यभर मशीनचा बेड जड का असतो म्हणून शिकाऊ पोरांना सांगत आलो आणि स्वतःच्या घरी विसरलो. शिकाऱ्याला रायफल वाहायची असते, आपल्याला ती एका जागी थांबवायची असते. त्याची हलकी आणि आपली हलकी यात एवढा फरक.

मग जास्तीत जास्त जड का नको? नियमात एअर रायफलला साडेपाच किलोची कमाल मर्यादा आहे, साईट वगैरे सगळं धरून. पण वाढत्या मुलाला तेवढं वजन दिलं की ते मागं झुकून तोल सांभाळतं आणि कमरेच्या मणक्यावर भार येतो. त्यामुळं मुलाची पाठ ठरवते, आकडा नाही. आमच्याकडं चाललेली रीत अशी : चार किलोच्या आसपासची रायफल घ्या, नळीखाली आणि बटाजवळ वजनं लावायची सोय असलेली. शंभर-शंभर ग्रॅमनं वाढवा, एकेका वजनावर तीन आठवडे राहा. शेवटच्या वीस शॉट्सचा पसारा पहिल्या वीसपेक्षा बराच वाढला की एक पाऊल मागं. आणि वजन कुठं लावता हे किती लावता याइतकंच महत्त्वाचं. नाक जड असेल तर रायफल कमी डुलते, पण डावा हात लवकर थकतो. मागं जास्त असेल तर उचलायला हलकी वाटते आणि टार्गेटवर भिरभिरते. यात लेकीनं जे शोधलं ते माझ्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं, म्हणून इथं आकडा देत नाही.

त्या पोकळ दस्त्याची दुसरी फजिती स्पर्धेत झाली. शॉट मारायच्या आधी रायफल, जाकीट, बूट सगळं उपकरण तपासणीत मोजलं जातं. माझ्या पुढच्या दस्त्याची खोली ठरलेल्या मापापेक्षा ४ मिमी जास्त निघाली. टूलरूमचा माणूस, ४ मिमी! मापं मी अंगाची घेतली होती, नियमाची पुस्तिका उघडली नव्हती. तिथल्या तिथं कानशीनं घासून दस्ता मापात बसवला आणि पोर रडवेल्या डोळ्यांनी उभी राहिली.

पाचवी पायरी : मापाचं करून घ्यायचं ते एवढंच

ग्रिप. कारखान्याचा ग्रिप लहान, मध्यम, मोठा असा येतो आणि मराठी मुलींचे हात बहुधा 'लहान'पेक्षाही लहान. ग्रिप लाकडाचा असेल तर जिथं तळहात पोकळ राहतो तिथं लाकडाची भुकटी मिसळलेला इपॉक्सी पुट्टी थोडा थोडा भरायचा, सुकल्यावर घासायचा, आठवडाभर वापरायचा, पुन्हा भरायचा. एकदम भरू नका. मूळ ग्रिप बाजूला ठेवून दुसऱ्यावर प्रयोग करा, कारण विकताना मूळचा लागतो.

चीकपीस. गालाच्या हाडाप्रमाणं वरची धार थोडी घासली की गाल दर वेळी एकाच जागी बसतो. सुतारकाम येणारा कुणीही करेल. सागवान चालतो, पण पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत लाकूड फुगतं, म्हणून घासून झाल्यावर तेल किंवा पॉलिशचे दोन हात द्याच.

जाकीट आणि पँट. इथं मात्र कंजूषपणा करू नका, तयार मापाचं घेऊ नका. अंगावर मापं देऊन शिवून घेतलेलं जाकीट हाच तुमचा खरा मापाचा दस्ता. जाडी आणि कडकपणा दोन्ही स्पर्धेत यंत्रावर मोजतात. एका थराची जाडी अडीच मिमीच्या वर गेली की बाद. मूल वाढतं आहे म्हणून दोन वर्षं पुढचं ढगळ जाकीट शिवणारे पालक भेटतात. शाळेच्या गणवेशाला ती युक्ती ठीक आहे. ढगळ जाकिटात पाठीला आधार शून्य.

आणि ज्याला हात लावायचा नाही ते : नळी, ट्रिगरची आतली यंत्रणा, हवेचा व्हॉल्व्ह. हात कितीही चांगला असो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमीपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल परवान्याविना बाळगता येते. स्पर्धेची रायफल त्याच्या निम्म्याहूनही कमी ताकदीवर चालते, तिला जोर वाढवून काही फायदा नाही. 'थोडा पॉवर वाढवून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर तो तुमची रायफल परवान्याच्या हद्दीत ढकलतोय, आणि नेमही बिघडवतोय. हुक असलेली बटप्लेट आणि पुढच्या हाताखालचा पामरेस्टही एअर रायफलला चालत नाहीत. ५० मीटरच्या रायफलींचे फोटो बघून तसलं काही बनवायला जाऊ नका.

सहावी पायरी : जुनी रायफल घेताना

नवी परदेशी मॅच रायफल आम्ही चौकशी केली तेव्हा दोन लाखांच्या पुढंच बोलत होते. आयातीचा मार्ग राष्ट्रीय रायफल संघटनेच्या कागदपत्रांतून जातो आणि वेळ खातो. म्हणून बहुतेकांची पहिली स्वतःची रायफल एखाद्या सीनियर मुलाची असते, जो आता कॉलेजात गेला किंवा वरच्या मॉडेलवर गेला. हा सौदा चांगला असतो, जर चार गोष्टी पाहिल्यात.

सिलिंडरवरची तारीख आधी. एअर सिलिंडरची मुदत बहुधा बनल्यापासून दहा वर्षं, आणि स्पर्धेत मुदतीतला सिलिंडर ही खेळाडूची जबाबदारी असते. रायफल स्वस्त मिळाली आणि दोन्ही सिलिंडर पुढच्या वर्षी बाद, तर ती स्वस्त नव्हती. मग सिलिंडर २०० बारपर्यंत भरून रात्रभर ठेवा, सकाळी काटा खाली आला असेल तर सील गेलेत. तिसरं, तुम्ही वापरणार त्याच पेलेटनं, टेकू देऊन, दहा-दहाची तीन कार्डं मारा आणि वरचं गणित लावा. चौथं, सगळे स्क्रू पिळून बघा. चेपलेले, घासलेले असतील तर कुणीतरी चुकीच्या पान्यानं खेळलंय.

हवा भरण्याबद्दल एक सक्त गोष्ट : सिलिंडरमध्ये फक्त कोरडी हवा. ऑक्सिजन कधीच नाही. आपल्या एमआयडीसीत वेल्डिंगचा ऑक्सिजन कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो आणि 'दाब तर तेवढाच आहे' असं म्हणणारे शहाणेही मिळतात. तेलाचा अंश आणि दाबलेला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. क्लबात भरा, नाहीतर हातपंपानं.

उरलेलं थोडक्यात. दुकानातून घेताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो, बिल जपून ठेवा. लोकलनं नेताना रायफल कडक पेटीत, कुलूप लावून, पेलेट वेगळ्या पिशवीत. बिलाची प्रत, क्लबचं पत्र आणि ओळखपत्र पेटीच्या वरच्या कप्प्यात. ठाणे स्टेशनवर दोनदा पेटी उघडायला लावली, दोन्ही वेळा कागद बघून पाच मिनिटांत सोडलं. विमानानं जायचं असेल तर सिलिंडर काढून रिकामा करावा लागतो. पावसाळ्यात घरी आल्यावर पेटी बंद ठेवू नका, रायफल पुसून तासभर बाहेर ठेवा, मग सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद करा. महिन्याला दोन हजार पेलेट लागतील असं धरा, म्हणजे पाचशेचे चार डबे. खर्चाच्या यादीत लोक हे विसरतात आणि सहाव्या महिन्यात सराव आपोआप निम्मा होतो.

आमच्याकडं शेवटी काय आलं ते सांगतो. जुनी, कारखान्याची, ॲल्युमिनियमच्या दस्त्याची रायफल, चार वर्षं वापरलेली, एक सिलिंडर नवा. त्यावर मी केलेल्या दोनच वस्तू आहेत : ग्रिपवरची पुट्टी आणि नळीखाली लावायची शंभर ग्रॅमची तीन पितळी वजनं, लेथवर काढलेली. पोकळ दस्ता माळ्यावर आहे. परवा लेकीनं ग्रिप काढून माझ्या हातात दिला. अंगठ्याजवळ अर्धा मिलिमीटर टोचतंय म्हणे, बुधवारच्या आत घासून हवाय.